प्रजाती पडद्यावर येऊन बसत नाही

पाऊस सुरू झाला की माझ्या व्हॉट्सॲपवर फोटो यायला लागतात. कुणाच्या ट्यूबलाइटवर, कुणाच्या गच्चीच्या भिंतीवर बसलेला नखाएवढा पतंग, आणि खाली ठरलेला प्रश्न : "ताई, नवीन प्रजाती आहे का?" बऱ्याचदा मी "फोटोवरून सांगता येत नाही" एवढंच उत्तर देते आणि समोरचा हिरमुसतो. म्हणून आज जरा सविस्तर लिहिते. तुमच्यापैकी जे एम.एस्सी. संपवून संशोधनाकडे वळताय, त्यांनी हे वाचून मग फोटो पाठवा. पाठवा मात्र नक्की.

आधी शब्दाचा गोंधळ मिटवू. मराठी पाठ्यपुस्तकांत 'स्पीशीज'ला जाती म्हणतात आणि 'जीनस'ला प्रजाती. वर्तमानपत्रांत 'नवीन प्रजातीचा शोध' अशी बातमी येते, तेव्हा दहापैकी नऊ वेळा ती नवीन जाती असते. हा फरक निव्वळ शब्दांचा नाही. जाती निसर्गात असते : नर-मादी, त्यांची पिल्लं, त्यांची वस्ती. प्रजाती म्हणजे अनेक जातींच्या नात्याबद्दल माणसाने केलेलं विधान. 'हे सगळे एका मूळपुरुषाचे वंशज आहेत आणि बाकीच्यांपेक्षा एकमेकांना जवळचे आहेत' असं ते विधान. त्यामुळे नवीन जाती पडद्यावर येऊन बसू शकते, नवीन प्रजाती बसत नाही. ती मांडावी लागते, आणि मांडलेली गोष्ट पुढे कुणी मोडूही शकतं.

हे मला कसं कळलं ते सांगते. त्यात माझी फजिती आहे.

माझं काम यवतमाळ जिल्ह्यात, पांढरकवड्याच्या बाजूला. टिपेश्वर अभयारण्याच्या आत नमुने गोळा करायचे तर वन्यजीव कायद्याखाली परवानगी लागते. म्हणून मी सुरुवात बाहेरच्या गावांतून केली. एका बाजूला साग आणि दुसऱ्या बाजूला पऱ्हाटी अशा धुऱ्यावर पांढरा पडदा बांधायचा, समोर दिवा लावायचा आणि मध्यरात्रीपर्यंत बसायचं. ज्यांच्या शेतात बसायचे ते आबाजी पहिल्या रात्री बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "एवढुशा पाखरासाठी पीएचडी? मले इचारलं असतं त फुकटात सांगतलं असतं, हे पाखरू लई बेकार हाय."

ते गुलाबी बोंडअळीच्या पतंगाबद्दल बोलत होते. आणि पडद्यावर ते होतंच.

कापसाच्या घरातून आलेल्यांना अळी माहीत असते, पतंग क्वचितच कुणी नीट पाहिलेला असतो. पंख पसरल्यावर दीड-दोन सेंटिमीटर. पुढचे पंख मातकट करडे, त्यावर गडद डाग. मागचे पंख रुंद, चंदेरी करडे, कडेला लांब झालर. ओठांच्या बाजूचे स्पर्शक शिंगांसारखे वर वळलेले. मागच्या पंखाचं टोक बोटासारखं पुढे आलेलं दिसलं, की हा जेलेकिइडी कुलातला आहे असा पहिला अंदाज बांधायला हरकत नाही. जगभरात या कुलाच्या सुमारे ४,७०० जाती आणि ५०० प्रजाती नोंदलेल्या आहेत. धान्याच्या कोठीत ज्वारी-गव्हाच्या दाण्याला गोल भोक पाडून बाहेर येणारा पतंग यातलाच, आणि टोमॅटोची पानं पोखरणारी टुटा अळीही यातलीच.

त्या रात्री बोंडअळीच्या पतंगांबरोबर आणखी एक पतंग आला. आकार तोच, पण पुढच्या पंखावर फिकट तिरपा पट्टा. माझ्याकडे होती त्या कुठल्याच पुस्तकात तो बसेना. चार आठवडे शोधलं. मग मी जे करायला नको होतं ते केलं : मनातल्या मनात त्याला नवीन प्रजाती ठरवून टाकलं. आजीच्या नावावरून नावसुद्धा शोधलं आणि मसुद्याची दोन पानं लिहून सरांकडे गेले.

सरांनी पानं वाचली नाहीत. विचारलं, "नर की मादी?"

"मादी."

"किती?"

"एक."

"आणि ही प्रजाती वेगळी काढली, तर शेजारच्या प्रजातीत उरलेल्यांचं काय होतं?"

पहिल्या दोन प्रश्नांना निदान उत्तर होतं. तिसरा प्रश्नच मला कळला नाही. सर म्हणाले, "बोंडअळीचा इतिहास वाच. तुझ्या जिल्ह्यातलीच गोष्ट आहे."

तो इतिहास असा. भडोचच्या सरकारी कापूस लागवडीवरून इंग्लंडला काही पतंग गेले, बोंडं खाणाऱ्या अळीचे. विल्यम विल्सन सॉन्डर्स यांनी लंडनच्या कीटकशास्त्र संस्थेच्या नियतकालिकात त्यांचं वर्णन छापलं आणि नाव दिलं डिप्रेसारिया गॉसिपिएला. 'गॉसिपियम' म्हणजे कापूस, त्यावरून. या वर्णनाचं वर्ष काही ठिकाणी १८४३ तर काही ठिकाणी १८४४ दिलेलं आढळेल. जुनी नियतकालिकं तुकड्यातुकड्यांनी निघत, त्यामुळे असे घोळ होतात. नावाच्या नियमांत सभेत वाचल्याची तारीख धरत नाहीत, छापून बाहेर आल्याची धरतात. तुम्हाला पुढे अशा तारखा तपासाव्या लागतील, आणि ते काम वाटतं तेवढं रटाळ नसतं.

सॉन्डर्स यांनी जाती ओळखली, ती आजही टिकून आहे. पण 'डिप्रेसारिया' हे तेव्हा एक मोठं गाठोडं होतं. बारीक, चपटा, करडा पतंग दिसला की टाका त्यात. पुढे हा पतंग जेलेकिया या दुसऱ्या गाठोड्यात गेला. एडवर्ड मेरिक यांनी १८९५ मध्ये प्लॅटिएड्रा ही प्रजाती मांडली होती, युरोपातल्या एका करड्या पतंगासाठी. त्याची अळी कापसाच्याच कुलातल्या एका रोपावर वाढते. बोंडअळी मग प्लॅटिएड्रामध्ये गेली, आणि ते काही अगदीच चुकीचं नव्हतं. नातं होतंच. प्रश्न होता नातं किती जवळचं, हा.

१९१७ मध्ये ऑगस्ट बस्क या डॅनिश वंशाच्या अमेरिकन कीटकशास्त्रज्ञाने हवाई बेटांवर या अळीचा अभ्यास करून एक लांबलचक लेख लिहिला आणि तिच्यासाठी पेक्टिनोफोरा ही नवीन प्रजाती मांडली. नावाचा अर्थ 'कंगवा धारण करणारी'. पतंगाच्या शृंगिकेच्या अगदी पहिल्या पेऱ्यावर पाच-सहा लांब, ताठ केसांसारखे खवले एका ओळीत असतात, खरंच कंगव्याच्या दातांसारखे. पुढच्या वेळी बोंडअळीचा पतंग हाती लागला, तर भिंगातून नक्की बघा. पण एक लक्षात ठेवा : असा कंगवा या पतंगांच्या दूरच्या नातेवाइकांतही दिसतो. नाव कंगव्यावरून आहे म्हणून कंगवा ही ओळख नव्हे. पंखांच्या शिरा, मुखांगं, जननेंद्रियांची रचना, जमल्यास अळी आणि कोषसुद्धा, अशी लक्षणांची जुळणी लागते. ती जुळणी एकत्र फक्त इथेच आहे, हे दाखवावं लागतं.

बस्क यांनी मांडलं तेव्हा या प्रजातीत एकच जाती होती. एका माणसासाठी अख्खं घर बांधल्यासारखं. तुम्ही म्हणाल, मग माझ्या एका मादीवर सरांचा एवढा आक्षेप का? कारण बस्क यांच्याकडे जाती एक असली तरी माहिती भरपूर होती आणि शेजारी कोण कोण आहे याचा हिशेब होता. माझ्याकडे दोन पानं आणि एक मादी.

ते घर पुढे टिकलं का? सगळ्यांनी लगेच मान्य केलं नाही. भारतातल्या शेतीखात्याच्या जुन्या लेखांत आणि पुस्तकांत कित्येक दशकं प्लॅटिएड्रा गॉसिपिएला हेच नाव चाललं. १९२६ मध्ये ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडच्या कापसावरून होल्डवे यांनी एक जवळची जाती वर्णन केली, स्कुटिजेरा. त्यांनीही ती प्लॅटिएड्रामध्येच ठेवली. १९५८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्याच कॉमन यांनी या सगळ्या गटाचा फेरआढावा घेतला, स्कुटिजेरा बोंडअळीची जवळची बहीण आहे हे दाखवून पेक्टिनोफोरामध्ये आणली, आणि एंडेमा ही तिसरी जाती तिथेच नव्याने वर्णन केली. म्हणजे बस्क यांनी एकीसाठी आखलेल्या चौकटीत चाळीस वर्षांनी आणखी दोघी नीट बसल्या. प्लॅटिएड्राही मोडली नाही, ती शेजारी स्वतंत्र राहिली. आज दोघीही पेक्सिकोपिइनी या एकाच जमातीत धरल्या जातात.

इथे सरांचा तिसरा प्रश्न मला कळला. शेताची वाटणी आठवा. एका भावाचा हिस्सा वेगळा काढला, तर उरलेल्या जमिनीचा नकाशाही नीट लागला पाहिजे. मध्येच कुणाचा तुकडा अडकला, तर भांडण पिढ्यान्‌पिढ्या चालतं. प्रजातीचं तसंच. समजा 'अ' या प्रजातीत दहा जाती आहेत आणि त्यातली एक दिसायला फार वेगळी आहे म्हणून तुम्ही तिच्यासाठी नवीन प्रजाती काढली. पण वंशावळीत ती त्या दहांच्या अगदी मधोमध असेल, तर उरलेल्या नऊंचा गट आता एका मूळपुरुषाचा पूर्ण वंश राहत नाही. वेगळी दिसणारी बहीण घराबाहेर काढली आणि तिच्या सख्ख्या बहिणी घरात ठेवल्या, असं होतं. नुसतं 'वेगळं दिसतं' हे कारण म्हणूनच पुरत नाही.

हे मोडल्याचं उदाहरण पण बघा, तेही आपल्या शेतातलंच. गंमत म्हणजे वर्षही तेच, १९१७. त्या वर्षी मेरिक यांनी पेरूमधल्या वानकायो इथल्या एका नरावरून थोरिमिया अब्सोल्यूटा या जातीचं वर्णन केलं. ही टोमॅटोवरची अळी. पुढे ती नोरिमोस्किमामध्ये गेली. मग पोवोल्नी या चेक संशोधकाने १९६४ मध्ये ती स्क्रोबिपाल्पुलामध्ये नेली, १९८७ मध्ये स्क्रोबिपाल्पुलॉइडिसमध्ये आणि १९९४ मध्ये टूटामध्ये. टूटा हे नाव तोवर साऱ्या जगाच्या तोंडी बसलं. २०१४ मध्ये ही अळी महाराष्ट्रात टोमॅटोवर सापडली तेव्हा कृषी सेवा केंद्रवाल्यांनीही तेच नाव उचललं. आणि २०२१ मध्ये चँग आणि मेट्झ यांनी शरीररचनेच्या लक्षणांवरून वंशावळ मांडली आणि सांगितलं, की टूटा वेगळी ठेवण्यात अर्थ नाही, ती थोरिमियामध्येच येते. शंभर वर्षं फिरून अळी मेरिकच्या घरी परत आली. पोवोल्नी काही नवशिके नव्हते. या गटाच्या जननेंद्रियांवर त्यांनी आयुष्य घालवलं होतं. तरी हे झालं.

या दोन गोष्टींतून कंसाचा नियमही कळून जातो, जो परीक्षेत पाठ केला जातो आणि लगेच विसरला जातो. पेक्टिनोफोरा गॉसिपिएला (सॉन्डर्स) असं लिहितात, कारण सॉन्डर्स यांनी जाती वर्णन केली ती दुसऱ्या प्रजातीत. पेक्टिनोफोरा एंडेमा कॉमन यात कंस नाही, कारण कॉमन यांनी पहिल्यापासून याच प्रजातीत ठेवली. आणि टोमॅटोच्या अळीला टूटा म्हणत होतो तोवर मेरिकचं नाव कंसात होतं. थोरिमियामध्ये परत गेल्यावर कंस गळून पडला. मला हे कळलं त्या दिवशी उगाच फार आनंद झाला होता.

आता मेरिकबद्दल थोडं, कारण भारतात बारीक पतंगांवर काम करायचं तर हा माणूस तुमच्या वाटेत येणारच. इंग्लंडमधल्या मार्लबरो इथल्या शाळेत शिक्षक. शाळा सांभाळून त्यांनी १४ हजारांहून अधिक जातींची वर्णनं केली. भारतातून पुसाच्या संस्थेतले फ्लेचर यांच्यासारखे अधिकारी त्यांना पेट्या भरून पतंग पाठवत. १९१२ पासून मृत्यूपर्यंत ते 'एक्झॉटिक मायक्रोलेपिडॉप्टेरा' नावाची मालिका छापत राहिले. वर्णनं आटोपशीर, चित्रं नाहीत. प्रजाती ठरवताना पंखांच्या शिरांवर भर. जननेंद्रियांचं विच्छेदन करून पाहण्यावर त्यांचा विश्वास नव्हता, आणि आज तेच आपलं मुख्य हत्यार आहे. त्यामुळे त्यांची आठ ओळींची वर्णनं वाचून 'माझा पतंग हाच का?' हे ठरवणं म्हणजे डोकेफोड. सुदैवाने क्लार्क या अमेरिकन संशोधकाने १९५५ ते १९७० या काळात लंडनच्या संग्रहालयातले मेरिकचे मूळ नमुने काढून त्यांचे फोटो आणि जननेंद्रियांची चित्रं आठ खंडांत छापली. हे खंड आणि मेरिकची मालिका बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररीवर फुकट वाचता येतात. नवीन काही सापडलंय असं वाटलं, तर आधी तिथे जा. माझ्या त्या चार आठवड्यांच्या शोधात मी क्लार्कचा एकही खंड उघडला नव्हता. आता कबूल करते.

विच्छेदनाचं काम कसं चालतं? पतंगाचं पोट अलगद तोडून दहा टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये रात्रभर ठेवायचं. मऊ भाग विरघळतो, कडक कवच उरतं. मग सूक्ष्मदर्शकाखाली बारीक ब्रशने खवले झाडायचे, रंग द्यायचा, जननेंद्रियं वेगळी करून काचपट्टीवर पसरायची. जवळच्या जातींत पंख हुबेहूब सारखे असतात आणि हे भाग मात्र स्पष्ट वेगळे निघतात, म्हणून एवढा खटाटोप. प्रत्येक काचपट्टीवर आणि त्या पतंगाच्या टाचणीवर एकच क्रमांक हवा. मी एकदा घाईत दोन पोटं एकाच वाटीत ठेवली. सकाळी उठले तेव्हा कुणाचं पोट कोणतं हे सांगायला जगात कुणी उरलं नव्हतं. दोन्ही नमुने वाया गेले, आणि चूक संपूर्ण माझी. जुन्या संग्रहांत तर तुटलेल्या पतंगाला दुसऱ्याच पतंगाचं पोट डिंकाने चिकटवलेलंही कधी कधी सापडतं. त्यामुळे वर्णन लिहिताना नमुना खरोखर एकाच जीवाचा आहे ना, हेही बघायचं असतं.

डीएनएचं विचाराल, तर हो, आता तेही करतात. 'सीओआय' या जनुकाचा साधारण ६५८ अक्षरांचा तुकडा वाचतात आणि बारकोड म्हणून वापरतात. जाती वेगळी आहे का हे बघायला तो फार उपयोगी. प्रजाती ठरवायला एकटा तोकडा पडतो, कारण जुनी, खोलवरची नाती एवढ्या छोट्या तुकड्यात धूसर होतात. या कुलाची वंशावळ २०१३ मध्ये कार्शोल्ट आणि सहकाऱ्यांनी मांडली तेव्हा त्यांनी आठ जनुकं वापरली होती. 'बारकोडमध्ये आठ टक्के फरक आला, म्हणजे नवीन प्रजाती' असं कुणी म्हणालं, तर त्याला सरांचा तिसरा प्रश्न विचारा.

एवढं सगळं केल्यावरही प्रजाती खरोखर नवीन ठरली, तर कागदपत्रं सुरू होतात. नाव प्राणिसृष्टीत दुसऱ्या कुठल्याही प्रजातीचं नसावं. मासा असो की गोगलगाय, एकदा वापरलं की संपलं. 'नवीन प्रजाती' असं स्पष्ट लिहावं लागतं आणि वेगळेपण सांगणारं वर्णन द्यावं लागतं. एक प्ररूप जाती नेमावी लागते. उद्या कुणी तुमची प्रजाती फोडली, तर नाव या जातीबरोबर जातं. पेक्टिनोफोराची प्ररूप जाती गॉसिपिएला आहे, म्हणून काहीही झालं तरी पेक्टिनोफोरा हे नाव बोंडअळीला सोडून जाऊ शकत नाही. नवीन जातीसाठी एक मुख्य नमुना ठरवून तो कुठल्या संग्रहात ठेवला हे लिहावं लागतं. आपल्याकडे जैवविविधता कायद्याच्या कलम ३९ नुसार नव्या सापडलेल्या जीवाची माहिती आणि नमुना नेमलेल्या भांडारात द्यावा लागतो. भारतीय प्राणी सर्वेक्षण हे त्यातलं एक. नियतकालिक फक्त ऑनलाइन निघत असेल, तर झूबँकमध्ये नोंदही हवी.

वर्णनाचा एक भाग विद्यार्थी नेहमी घाईत उरकतात, तो म्हणजे 'कुणाशी गल्लत होऊ शकते' हा. त्याची किंमत कळायला कापसाचंच शेत बघू. १९१७ मध्ये गुलाबी बोंडअळी अमेरिकेत टेक्ससमध्ये सापडली आणि तिथे घबराट उडाली. मग १९२१ मध्ये कार्ल हाइनरिख यांनी एक अख्खा लेख फक्त यावर लिहिला, की कोणत्या पतंगांच्या अळ्या बोंडअळी समजून फसगत होऊ शकते. अशी एक अळी गुलाबीच असते आणि बोंडातच सापडते, पण तिचं कुलसुद्धा वेगळं. ती किडलेल्या, फुटलेल्या बोंडातलं सडकं खाऊन जगते. तिच्या भाईबंदांच्या अळ्या भारतातही अशा बोंडांत आढळल्या आहेत. आता विचार करा. बीटी कापसावर किती बोंडअळ्या जगल्या हे मोजायला कुणी शेतात गेलं आणि प्रत्येक गुलाबी अळी मोजून मोकळं झालं, तर तो आकडा कशाचा?

यवतमाळात हा प्रश्न कागदावरचा नाही. २०१७ च्या हंगामात विदर्भात बोंडअळीने कापूस पोखरला आणि त्याच हंगामात आपल्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. फवारण्या एकट्या बोंडअळीसाठी नव्हत्या, रसशोषक किडींसाठीही होत्या. पण शेतात नेमकं कोण आहे हे न कळता मारलेला प्रत्येक पंप माणसाच्या अंगावर येतो. आबाजींच्या वाडीतला एक जण तेव्हा महिनाभर दवाखान्यात होता. त्यांच्या "लई बेकार हाय"मध्ये ते सगळं होतं. मला ते नंतर कळलं.

बोंडअळीचे कामगंध सापळे तुम्ही पाहिले असतील. त्यातली गोळी 'गॉसिप्लूर'ची असते, दोन रसायनांचं साधारण निम्मं-निम्मं मिश्रण, १९७३ मध्ये ओळखलेलं. त्याआधी 'प्रोपिल्यूर' नावाचं एक रसायन या मादीचा गंध म्हणून जाहीर झालं होतं, ते खरं निघालं नाही. नर कुठल्या गंधाला येतात हे जातीनुसार ठरतं. सापळ्यात अडकलेला प्रत्येक करडा पतंग बोंडअळीचाच, असं धरून चालू नका.

एक व्यावहारिक सूचना. साहित्याचा शोध घेताना फक्त आजचं नाव टाकू नका. बोंडअळीवर भारतात शंभर वर्षांपूर्वी झालेलं काम हवं असेल, तर जेलेकिया गॉसिपिएला आणि प्लॅटिएड्रा गॉसिपिएला ही दोन्ही नावं शोधा. माझ्या एका मैत्रिणीने अळीच्या सुप्तावस्थेवर 'भारतात जुनं काम जवळपास नाही' असं प्रस्तावात लिहिलं होतं. जुन्या नावाने शोधल्यावर तिला एका संध्याकाळी वाचायला महिना पुरणार नाही एवढं सापडलं. अमेरिकन बोंडअळीचंही तसंच. १९६५ मध्ये हार्डविक यांनी हेलिकोव्हर्पा ही प्रजाती वेगळी काढली, त्याआधीचं सगळं हेलिओथिस या नावाखाली आहे, आणि नंतरचंही बरंच.

माझ्या तिरप्या पट्ट्याच्या मादीचं काय झालं? क्लार्कचे खंड उघडले. तीन मेरिकी जाती तिच्याजवळ जातात. त्यातल्या दोन फक्त नरावरून वर्णन केलेल्या, त्यामुळे माझी मादी त्यांच्याशी ताडून बघताच येत नाही. तिसरीशी मागच्या पंखाच्या शिरा जुळतात, पुढच्या जुळत नाहीत. मसुद्याची दोन पानं खणात ठेवून दिली आहेत. पेटीत तिच्या टाचणीखाली चिठ्ठी आहे : 'जेलेकिइडी, प्रजाती अनिश्चित, मादी १'. मृगाचा पाऊस झाला की त्याच धुऱ्यावर पडदा बांधणार आहे. आबाजींनी या वेळी बसायला खाट देतो म्हटलंय. नर आला, तर सांगेन.